वाचा बसणे : एका लक्षणाचा इतिहास

मराठीत दुःखाला शरीराचा आधार फार लागतो. भीतीने वाचा बसते, बातमी ऐकताच हातपाय गळतात, काळजीने पोटात गोळा येतो आणि धसका घेतलेला माणूस अंथरूण धरतो. हे वाक्प्रचार आपण भाषेचे अलंकार म्हणून शिकतो आणि शिकवतो. ते मुळात निरीक्षणे होती व अलंकार मागाहून झाले, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात यांपैकी एकाच निरीक्षणाचा, म्हणजे वाचा बसण्याचा, इतिहास आम्ही पाहणार आहोत. तो घडला प्रामुख्याने इंग्लंडमध्ये, साधारण १८६५ ते १९२२ या काळात. आणि त्यात वैद्यकाइतकाच वाङ्मयाचाही वाटा आहे.

९ जून १८६५ रोजी केंट परगण्यातील स्टेपलहर्स्ट येथे एक आगगाडी दुरुस्ती चालू असलेल्या पुलावरून घसरली. दहा माणसे मृत्युमुखी पडली. गाडीच्या एका डब्यात चार्ल्स डिकन्स होते. त्यांना जखम झाली नाही. उलट, जखमी प्रवाशांना पाणी व ब्रँडी देत ते तेथे वावरले आणि पुन्हा डब्यात चढून आपल्या चालू कादंबरीचे हस्तलिखितही त्यांनी बाहेर काढले. परंतु घरी परतल्यावर त्यांचा आवाज गेला, तो जवळजवळ पंधरा दिवस परत आला नाही. पुढे गाडीत बसले की त्यांना अकस्मात कापरे भरत असे. हजारो श्रोत्यांसमोर स्वतःच्या कादंबऱ्यांचे जाहीर वाचन करणाऱ्या लेखकाचा नेमका आवाजच जावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या प्रसंगाने त्यांच्या अंगावर ओरखडाही उमटवला नव्हता, त्या प्रसंगाची नोंद त्यांच्या कंठाने घेतली होती.

डिकन्स एकटे नव्हते. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, जॉन एरिक एरिकसन या शल्यविशारदाने रेल्वे अपघातांनंतरच्या अशा तक्रारींवर पुस्तक लिहिले. बाह्य इजा नाही, तरी रुग्ण थरथरतो, झोपत नाही, त्याचे अवयव बधिर होतात. या साऱ्याचे मूळ पाठीच्या कण्याला व मज्जारज्जूला बसलेल्या धक्क्यात असावे, असे त्याचे मत होते. न्यायालयात नुकसानभरपाई मागणाऱ्यांना हे मत सोयीचे होते. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज याने त्याचे खंडन केले : कण्याला काही झालेले नाही, निव्वळ भयही अशी लक्षणे उत्पन्न करू शकते. पेज एका रेल्वे कंपनीचा शल्यवैद्य होता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. इतिहासाची गंमत अशी, की मनाचा पक्ष मांडणारा मनुष्य भरपाई देणाऱ्यांच्या बाजूचा होता. दुखणे शरीरातले ठरले तर पैसे द्यावे लागणार; मनातले ठरले तर कदाचित नाही. त्याच दशकात पॅरिसमध्ये शार्को यांनी अपघातानंतर हात लुळे पडलेले धडधाकट कामगार विद्यार्थ्यांपुढे उभे करून दाखवले आणि हिस्टेरिया हा केवळ स्त्रियांचा रोग आहे या समजुतीला धक्का दिला. तरी ती समजूत मेली नाही. तिला खरे आव्हान मिळाले ते महायुद्धात.

फेब्रुवारी १९१५ मध्ये केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिगत छापली. त्यांची स्मृती, दृष्टी, गंध व चव यांवर परिणाम झाला होता. लेखाच्या शीर्षकात ‘शेल शॉक’ हा शब्द होता. जवळ फुटलेल्या तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदूला अदृश्य इजा होत असावी, असा त्या शब्दामागचा तर्क. तो फार काळ टिकला नाही. स्फोटाच्या आसपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागली : कोणी मुके झाले, कोणाचे पाय लुळे पडले, कोणाला दिसेनासे झाले. मायर्स यांना स्वतःलाच तो शब्द नकोसा झाला. परंतु सैनिकांनी तो उचलला होता, कारण त्या शब्दात तोफगोळा होता आणि तोफगोळ्यात अब्रू होती.

सैन्याने या अब्रूचीही प्रतवारी केली. काही काळ अशा रुग्णांवर दोन अक्षरांपैकी एक अक्षर लिहिले जाई. शत्रूच्या माऱ्याशी लक्षणाचा थेट संबंध दिसला तर तो ‘जखमी’. त्याला बाहीवर जखमेची पट्टी लावण्याचा मान. संबंध दिसला नाही तर तो ‘आजारी’. त्याला पट्टी नाही. दोघेही मुकेच, परंतु एकाच्या मौनाला दाखला होता, दुसऱ्याच्या मौनाला नव्हता. आणि जे पळाले किंवा उभ्या जागी गोठले, त्यांच्यापैकी काही जणांपुढे बंदुकाच उभ्या राहिल्या. भ्याडपणा, पलायन अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने क्षमा केली ती २००६ मध्ये.

मुक्या सैनिकांवरील उपचारांच्या दोन पद्धती वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. पहिली लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातील लुइस येलँड यांची. १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी एका चोवीस वर्षांच्या शिपायाची हकिगत दिली आहे. तो नऊ महिने मुका होता. त्याला अंधाऱ्या खोलीत नेऊन, दार लावून, घशाला विजेचे झटके देत येलँड यांनी सुमारे चार तासांत त्याला बोलते केले. बोलल्याखेरीज बाहेर जाता येणार नाही, हे त्याला बजावले होते. रुग्णालयाच्या नोंदी अलीकडे तपासणाऱ्या संशोधकांच्या मते येलँड यांचे चित्र रूढ समजुतीइतके एकरंगी नाही. ते मान्य करूनही त्यांचे स्वतःचे लिखाण वाचताना अंगावर काटा येतो.

दुसरी पद्धत एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयातील डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची. निलगिरीतील तोडा लोकांवर १९०६ मध्ये ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ ते हेच. दुसऱ्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकण्याची सवय त्यांना त्या अभ्यासात लागली असावी. आणि ते स्वतः अडखळत बोलत. भोगलेले विसरण्याचा प्रयत्न करू नका, त्याकडे सोसवेल अशा रीतीने पाहा, एवढाच त्यांचा उपदेश. १९१७ मध्ये सिगफ्रिड ससून त्यांचे रुग्ण होते. त्याच वेळी तेथे विल्फ्रेड ओवेनही होते, दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ओवेन रुग्णालयाचे ‘द हायड्रा’ हे नियतकालिक संपादित करीत. इंग्रजी युद्धकवितेचा एक महत्त्वाचा कालखंड या आजाऱ्यांच्या वसतीत घडला.

परंतु क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांचे रुग्णालय होते, आणि येथेच आमच्या दृष्टीने या इतिहासाचा गाभा आहे. साध्या शिपायांत मुकेपणा व लुळेपणा अधिक आणि अधिकाऱ्यांत दुःस्वप्ने, चिंता व तोतरेपणा अधिक, असे रिव्हर्स यांचे निरीक्षण होते. अधिकाऱ्याच्या मनावर कर्तव्याचे संस्कार अधिक, म्हणून त्याचा संघर्ष गुंतागुंतीचा, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. त्यात वर्गाभिमान लपत नाही. आम्ही ते उलटे वाचू इच्छितो. ज्याला हुकूम द्यावयाचे आहेत त्याची वाचा अडखळते. ज्याला हुकुमाला उत्तर देण्याचा अधिकारच नाही त्याची वाचा जाते. त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. त्याच्या कंठाने ती करून घेतली.

हिंदी शिपायांच्या बाबतीत तर शरीराने सांगितलेले खरे मानण्याचीही तयारी नव्हती. फ्रान्सच्या आघाडीवरून १९१४ च्या अखेरीस हाताला गोळी लागलेले हिंदी सैनिक मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच गोळ्या मारून घेतल्या असाव्यात अशी शंका घेतली गेली. ब्रायटन येथील किचनर हिंदी रुग्णालयाचे प्रमुख ब्रूस सेटन यांनी १,००० जखमा तपासल्या आणि या शंकेस आधार नाही असा निष्कर्ष काढला. उघड्या, वाहत्या जखमेवर जेथे अविश्वास, तेथे न दिसणाऱ्या जखमेची कथा काय असणार?

युद्धानंतर सरकारी समितीने १९२२ च्या अहवालात ‘शेल शॉक’ हा शब्दच टाकून देण्याची शिफारस केली. शब्द गेला नाही. तो कादंबरीत उतरला. रिबेका वेस्ट यांच्या १९१८ च्या कादंबरीतील अधिकारी पंधरा वर्षे विसरून घरी येतो. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) मधील सेप्टिमसचे डॉक्टर त्याला काही झालेलेच नाही असे सांगतात किंवा प्रमाणबद्धतेचे धडे देतात. त्याचे ऐकून मात्र कोणीच घेत नाही. पॅट बार्कर यांनी १९९१ मध्ये ‘रीजनरेशन’ या कादंबरीत रिव्हर्सना येलँड यांच्या खोलीत उभे केले, तेव्हा त्या दोन उपचारांमधला प्रश्न पुन्हा जिवंत झाला : बोलते करणे आणि बोलू देणे यांत फरक कोणता?

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एक पथ्य पाळावे. लक्षण हे रूपकासारखे वाचता येते, म्हणून ते रूपक ठरत नाही. मुका झालेला शिपाई ढोंग करीत नव्हता. आणि काहींच्या मेंदूला स्फोटाने खरीच इजा झाली असावी, हेही आज संशोधक मानतात. आजचे वैद्यक अशा लुळेपणाचे निदान शारीरिक तपासणीतील ठोस खुणांवरून करते. २०१३ च्या अमेरिकन निदानसंहितेने तर आधी मानसिक आघात सापडलाच पाहिजे ही अटही काढून टाकली. म्हणजे प्रत्येक दुखण्यामागे गूढ दुःख शोधणे ही आपली हौस असू शकते, रुग्णाची गरज नव्हे.

तरीही ‘तुला काही झालेले नाही, सगळे मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य आपल्या घरांतून आणि दवाखान्यांतून आजही ऐकू येते. ते बहुधा सुनेला, विद्यार्थ्याला, मोलकरणीला ऐकवले जाते. घरातल्या कर्त्या पुरुषाला क्वचितच. वाचा बसली असे म्हणताना आपल्या पूर्वजांनी ती खरी की खोटी हा प्रश्न भाषेत ठेवला नाही. बसली म्हणजे बसली. पुढचे काम ती उठेपर्यंत शेजारी बसून राहण्याचे होते.