कानाखालची नस

तलासरी तालुक्यात मी पाहिलेला पहिला ताणून बसवलेला चेहरा एका वारली बाईचा होता. उधव्याच्या पलीकडे, खानवेलच्या रस्त्यापासून आत असलेल्या पाड्यावरची ती. वय चाळिशीच्या आतलं, पण आजाराने तिला सत्तरीची करून टाकलं होतं. कुष्ठरोग अंगात पसरतो तेव्हा चेहऱ्याची कातडी आधी जाड होते, गाठी येतात, कानाच्या पाळ्या लोंबू लागतात. औषध लागू पडलं की सूज ओसरते आणि इतकी वर्षं फुगलेली कातडी रिकामी होऊन गालांवरून खाली उतरते. भुवया गेलेल्या असतात, नाकाचा दांडा बसलेला असतो. जंतू मेलेले असतात, पण गाव जंतू बघत नाही, गाव तोंड बघतं. तिच्या गालांची जादा कातडी कानापुढे कापून, वर ओढून शिवली होती. टाके कानाच्या कडेने गेले होते, केसांत दिसेनासे झाले होते. परत आल्यावर पाड्यातल्या बायकांनी तिला विहिरीवर आपल्या बरोबरीने पाणी भरू दिलं. शस्त्रक्रियेचं यश मोजायला याहून चांगलं माप मला आजवर सापडलेलं नाही.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. नोकरी सगळी डहाणू आणि तलासरीत गेली: कासा, सायवन, गंजाड, झरी, उपलाट. घरोघर सर्वेक्षण, चट्ट्यावर पिसाने नाहीतर पेनाच्या टोकाने स्पर्श करून बघायचं, नसा चाचपायच्या, गोळ्यांच्या पट्ट्या पोचवायच्या. आता निवृत्त आहे. माझी भाची डहाणूत शिक्षिका आहे, पन्नाशी ओलांडली आहे, आणि तिच्या मनात गालांची छोटी फेसलिफ्ट, म्हणजे सैल कातडी ताणून बसवायची शस्त्रक्रिया, करून घ्यायचं आहे. घरात सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही जन्मभर चेहरेच बघितलेत. तुम्ही सांगा." तिला जे सांगितलं ते इथे जरा विस्ताराने लिहितो, कारण या विद्येचा इतिहास आपल्याकडे फार जुना आहे आणि तो माहीत नसल्यामुळेच आपण तिला नट्यांचा नखरा समजून मोकळे होतो.

सुश्रुताने गालाच्या कातडीतून नाक करायची रीत सांगितली हे शाळेत शिकवतात. त्याहून मला जवळची वाटते ती पुण्याची हकीकत. कावसजी नावाचा मराठा शेतकरी 1792 च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडलं, नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस वैद्य घराण्यातला नव्हता, विटा पाडणाऱ्या जातीतला होता. त्याने मेणाचा साचा करून तो कपाळावर पसरला, त्या मापाने कातडी सोलली, दोन डोळ्यांमधला एक देठ तेवढा राखला, कातडी अर्धी वळवून खाली आणली आणि जुन्या नाकाच्या कडेला पाडलेल्या चिरेत बसवली. शिवण घातलीच नाही. काथ पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं ठेवलं. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापला. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर हे बघायला हजर होते. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते सगळं छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने प्रेतांवर सराव केला, 1814 साली पहिली शस्त्रक्रिया केली आणि 1816 साली पुस्तक लिहिलं. युरोपातल्या आजच्या प्लास्टिक सर्जरीचा रस्ता असा पुण्यावरून गेला. त्या कारागिराचं नाव मात्र कोणी टिपून ठेवलं नाही. इंग्रज रोग्याचं नाव लिहितात, चित्रकाराचं लिहितात, आणि ज्याच्या हातात वस्तरा होता त्याची फक्त जात लिहितात. याचा मला अजूनही राग येतो.

त्यातला काथ माझ्या ध्यानात राहिला. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात खैराचं लाकूड उकळून काथ काढायचा धंदा कातकऱ्यांचा होता. म्हणजे पानात खाल्ला जाणारा, जंगलातल्या सर्वांत गरीब माणसाच्या भट्टीतून निघणारा पदार्थ त्या काळातलं उत्तम मलम होता. तुरट, रक्त थांबवणारा, कातडी आवळणारा.

नंतर मधली शंभर-दीडशे वर्षं आपल्या कुष्ठरोग्यांच्या वाट्याला शस्त्रक्रिया नाही, भिंत आली. 1890 मध्ये मुंबईचे आयुक्त ॲकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान काढलं. तेच आज वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय. 1898 मध्ये कायदाच झाला आणि भिकेला लागलेल्या कुष्ठरोग्याला डांबून ठेवायची मुभा सरकारला मिळाली. हा कायदा पुरता रद्द व्हायला 2016 साल उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून काढून टाकायला 2019.

कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्याकडे वळलेला माणूस म्हणजे डॉ. नोशीर अंटिया. पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी फाटलेले चेहरे शिवणारे हॅरल्ड गिलीज, त्यांच्या हाताखाली इंग्लंडमध्ये अंटिया शिकले. परत आल्यावर त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम केलं, मग मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. त्या वेळी बहुतेक शल्यविशारद कुष्ठरोग्याला हात लावायला तयार नव्हते. बसलेलं नाक उठवायला अंटियांनी गिलीजची पद्धत घेतली. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर आतून चीर द्यायची, आखडलेलं अस्तर सोडवायचं आणि तिथे नवी कातडी बसवायची. बाहेर चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. सैल गालांची कातडी ताणून बसवणं हाही कुष्ठरोगाच्या शल्यचिकित्सेतला नेहमीचा भाग झाला. श्रीमंतांसाठी निघालेली शस्त्रक्रिया अशी रोजंदारीवरच्या माणसाच्या उपयोगी पडली.

ती श्रीमंतांसाठी निघाली हेही अर्धंच खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कानापुढची कातडी कापून गाल ओढायला सुरुवात झाली. पण तिला नाव मिळवून दिलं पॅरिसच्या सुझान नोएल या बाईंनी. 1926 चं त्यांचं पुस्तक आहे. पहिल्या महायुद्धानंतर कमावण्याची पाळी आलेल्या बायका वय दिसतं म्हणून कामावरून जातात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्या वेळच्या शस्त्रक्रियेत फक्त कातडी ओढत. ती काही काळात पुन्हा सैल होई, नाहीतर चेहरा ताणलेला दिसे. 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी कातडीखालच्या, स्नायूंना जोडलेल्या पातळ पडद्याचं वर्णन केलं आणि तो पडदा ओढायचा, कातडी नुसती पांघरायची, अशी रीत पडली. आजची छोटी फेसलिफ्ट यातूनच आली. कानापुढे आखूड चीर, आतल्या पडद्याला टाके, बऱ्याचदा भूल तेवढ्या जागेपुरती, आठ-पंधरा दिवसांत माणूस कामावर. दुसरी आहे धाग्याची: काटेरी धागा सुईने आत सरकवून गाल वर टांगायचा, चीर जवळजवळ नाही. हे धागे बहुधा विरघळणारे असतात, आणि परिणाम वर्ष-दीड वर्षापलीकडे टिकेल अशी आशा धरू नये.

आणि आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कुष्ठरोगाची तपासणी करताना आम्ही माणसाला मान एका बाजूला वळवायला सांगतो आणि मानेवरून कानाकडे तिरकी चढणारी नस बोटांनी शोधतो. कुष्ठरोगात ती दोरीसारखी जाड लागते. हजारो मानांवर मी ती चाचपली आहे. भाचीने आणलेले कागद वाचले तेव्हा कळलं की फेसलिफ्टमध्ये सगळ्यांत जास्त वेळा दुखावली जाणारी नस तीच आहे. ती गेली तर कानाची पाळी बधिर होते. बधिर कान म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही. चटका बसतो आणि कळत नाही, डूल टोचून जखम होते आणि कळत नाही. दुसरी नस चेहरा हलवणारी. आमच्या रोग्यांत ती गेली की पापणी मिटत नाही, डोळा उघडा राहून सुकतो, पुढे दृष्टी जाते. फेसलिफ्टमध्ये ती कायमची जाणं विरळा आहे, पण विरळा म्हणजे नाहीच असं नव्हे, आणि ज्याने उघडा राहिलेला डोळा पाहिला आहे तो हा धोका कागदावर वाचून पुढे जाऊ शकत नाही.

बाकीचे धोके रोजचे. कातडीखाली रक्त साकळणं हा सर्वांत जास्त आढळणारा, आणि रक्तदाब वाढलेला असेल तर त्याची भीती अधिक. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या कातडीला रक्त कमी पोचतं, म्हणून कानामागची कड काळी पडून मरू शकते. मशेरी लावणाऱ्या बायकांनीही तंबाखूची ही गोष्ट डॉक्टरपासून लपवू नये. आपल्या सावळ्या कातडीत व्रण काळा पडायची, कोणाकोणाला गाठीसारखा वाढायची खोड आहे. छातीवर किंवा कान टोचल्याजागी असा वण आधी उठला असेल तर ते आधी सांगावं. धाग्यात खळगा पडतो, एक गाल वर एक खाली होतो, कधी धाग्याचं टोक बाहेर येतं, जागा पिकते.

डहाणूच्या महालक्ष्मीच्या चैत्रातल्या यात्रेत गोंदणारे बसत, ते मी लहानपणापासून पाहिलं. कपाळावर, हनुवटीवर, गालावर ठिपके. मेल्यावर सोबत येतं ते गोंदण, असं म्हणत बायका मुलींना धरून बसवत. एकच सुई किती जणींच्या कातडीतून जाई याचा विचार कोणी केला नाही. आज वापी, बोईसर, विरारच्या पार्लरांतून धाग्याच्या आणि सुईच्या जाहिराती लागतात तेव्हा मला तीच सुई दिसते. तलासरीकराला दवाखाना म्हटला की वापी आठवते, आणि ते साहजिक आहे. 1960 पर्यंत तलासरीची गावं आज गुजरातेत असलेल्या उंबरगाव तालुक्यात होती. राज्यं वेगळी झाली, जायच्या वाटा त्याच राहिल्या. वापीला जायला माझी हरकत नाही. पण सुई कोणाच्या हातात आहे ते बघा. सामान्य शल्यचिकित्सेनंतर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा तिच्या तोडीची पदवी, वैद्यक परिषदेकडे नोंदणी, आणि रात्री रक्त साकळलं तर लगेच उघडता येईल असं शस्त्रक्रियागृह. यातलं एक जरी नसेल तरी उठून यावं.

भाचीला मी नाही म्हटलं नाही. चेहरा सुधारावा वाटणं हा दोष मानला तर त्या वारली बाईलाही दोष द्यावा लागेल, आणि ते माझ्याच्याने होणार नाही. तिची गरज आणि भाचीची इच्छा एका तोलाची नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं. एकीला गावात परत यायचं होतं, दुसरी गावातच आहे. म्हणून धोका घ्यायची भाचीची मर्यादाही कमी हवी. धागा नको. आधी रक्तदाब आणि साखर ताब्यात आण, सुट्टीचे आठवडे मोकळे ठेव, पदवी बघून माणूस निवड, आणि ते सगळं झाल्यावरही वाटलं तर छोटी शस्त्रक्रिया कर. तिने अजून ठरवलेलं नाही.

वाचकांना मात्र दुसरं सांगणं आहे. पालघर जिल्ह्यात कुष्ठरोग संपलेला नाही. अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, भुवया विरळ होऊ लागल्या, कानाच्या पाळ्या जाड लागल्या, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट आहे आणि वेळेवर घेतलं तर चेहरा सहसा बिघडत नाही. पूर्वी बिघडलेला असेल, बोटं आखडली असतील, पापणी मिटत नसेल, तर दुरुस्तीची शस्त्रक्रियाही सरकारी खर्चाने होते आणि बुडालेल्या मजुरीपोटी रोग्याला रक्कमही मिळते. आपल्या पाड्यावर असं कोणी असेल तर ही गोष्ट त्याच्या कानावर घाला आणि पहिल्या खेपेला त्याच्याबरोबर जा.