पुसलेली राणी आणि स्मरणचित्राचा पेपर

"टीचर, माणसांना चेहरा नाही काढला तर मार्क कापतात का?"

आठवीतली माझी एक विद्यार्थिनी. नाव सांगत नाही, शिरूर काही एवढं मोठं नाही. एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायचे दिवस होते. मुलीचा हात असा, की उर्दूच्या वहीत तिने लिहिलेला 'नून' बघत बसावा. या परीक्षेत वस्तुचित्र असतं, संकल्पचित्र असतं, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असतं. तिथे अडचण काहीच नव्हती. अडचण होती स्मरणचित्राची. बसस्टँड, बाजार, विहीर, लग्नघर असा काहीतरी विषय येतो आणि त्यात माणसं काढावीच लागतात. तिच्या अब्बांचं म्हणणं सरळ होतं, "मॅडम, नक्षी काढू दे, फुलं-पानं काढू दे. माणसं नको." माणूस भांडखोर नाही. सकाळी गॅरेज उघडतो, पोरीला शिकवतो, कुणी दिलेली वर्गणी कधी चुकवत नाही. म्हणून त्यांना झटकून टाकता येईना. मुलीने मग स्वतःच मधला रस्ता काढला: माणसं काढायची, चेहरे कोरे ठेवायचे.

मला तो प्रश्न ऐकून आधी हसू आलं आणि मग घरी जाताना लाज वाटली. का, ते पुढे सांगते.

माझं माहेर दौंडचं, रेल्वे क्वार्टरमधलं. सासर घोडनदीचं, म्हणजे शिरूरचं. दोन्ही गावं नदीच्या काठावर, आणि दोन्हीकडे पलीकडचा काठ नगर जिल्ह्याचा. घोड भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनीकडे आणि तिथून पंढरपूरला जाते, तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. एवढा भूगोल आधी सांगितला, कारण आजच्या गोष्टी याच पाण्याच्या आसपासच्या आहेत.

पहिली गोष्ट इनामगावची. आमच्याच तालुक्यातलं, घोडच्या काठचं. १९६८ पासून पुढे अनेक वर्षं डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. डॉ. सांकलिया आणि डॉ. ढवळीकर यांची नावं पुष्कळांना ठाऊक असतात. त्यांच्या जोडीचं तिसरं नाव होतं झैनुद्दीन अन्सारी. इनामगावच्या उत्खननाचा जो मोठा अहवाल १९८८ साली निघाला, त्यावर ही तिन्ही नावं आहेत. आमच्या मुलांना हे तिसरं नाव मी मुद्दाम सांगते. तिथे साडेतीन-पावणेचार हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक लहान पेटी पुरलेली होती. पेटीत एक स्त्रीमूर्ती. पेटीच्या झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. झाकणावरच्या बाईला डोकं नाही. मोडलेलं नव्हे, मुळात केलेलंच नाही. का केलं नाही, हे त्या कुंभारणीलाच माहीत. (कुंभारीणच असावी असं आपलं माझं मन म्हणतं, पुरावा काही नाही.)

दुसरी गोष्ट खरी सांगायची आहे ती नगरच्या निजामशाहीची. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळात एक फारसी हस्तलिखित आहे, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहा पहिला याच्या स्तुतीसाठी लिहिलेली ही मसनवी. हुसेन १५५३ मध्ये गादीवर बसला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला, त्यात तो होता, आणि त्याच वर्षी तो वारला. पोथीत त्या लढाईचीही चित्रं आहेत. आज एकूण बारा चित्रं शिल्लक आहेत. दख्खनी चित्रकलेचे जे सर्वांत जुने नमुने आपल्या हाती आहेत, त्यांत या बारांची गणना होते. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या बहमनी सुलतानांच्या चित्रांचं काय झालं कुणास ठाऊक. आपल्याकडे सलग धागा सुरू होतो तो या नगरच्या पोथीपासून.

मी ही चित्रं छापील रूपात पाहिली आहेत. बघताना पहिल्यांदा जाणवतं ते हे, की ही इराणची नक्कल नाही. ढग, झाडं, सोन्याची जमीन यांवर इराणचा हात दिसतो, पण बायकांच्या अंगावर चोळी आहे, लांब वेणीला गोंडे आहेत. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलून आलं आहे. ही कल्पना संस्कृत काव्यातली, दोहद नावाची. फारसी पोथी, मुसलमान सुलतान, संस्कृतातला संकेत, आणि अंगावर चोळी. गंगा-जमनी हा शब्द आपण उत्तरेकडून उसना आणतो. आपल्याकडे घोड-भीमेचा संगम साडेचारशे वर्षांपूर्वी कागदावर उतरलेला आहे.

आता राणी. हुसेनची बेगम खुंजा हुमायून. ही चांदबिबीची आई. कवीने राजाबरोबर राणीचीही तारीफ केली आणि चितारीने तिला राजाच्या शेजारी, अगदी जवळ बसवलं. दरबारी चित्रात राणीला अशी जागा मिळणं त्या काळी विरळाच. हुसेन गेल्यावर मुलगा मुर्तजा लहान होता, म्हणून कारभार तिने हाती घेतला. चार वर्षं तिने राज्य चालवलं. दरबारातले सरदार नाराज झाले, तिने आपल्या भावांना मोठं केलं असा ठपका आला, आणि १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केलं. त्यानंतर कुणीतरी ही पोथी काढली आणि बहुतेक चित्रांमधून राणीची आकृती घासून, रंग फासून पुसून टाकली. राजा बसलेला दिसतो. शेजारी एक डाग.

हा डाग धर्माने पाडलेला नाही, एवढं मला या लेखात ठासून सांगायचं आहे. चित्र हराम म्हणून राणी पुसली असती, तर राजाही पुसला असता, हत्ती-घोडेही पुसले असते. पुसली ती एकटी बाई, कारण तिने सत्ता चालवली होती. 'आमच्यात चित्र चालत नाही' असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा कितीदा आत दुसरंच काही असतं, ते तपासून बघायला हवं. तस्वीरीबद्दल हदीस आहेत, उलेमांची मतं आहेत, आणि ती एकसारखी नाहीत. मी त्या वादात निकाल देणारी कोण? पण इतिहास एवढं नक्की सांगतो, की नगर, विजापूर, गोवळकोंडा, दिल्ली इथल्या मुसलमान दरबारांनी माणसांची चित्रं काढवून घेतली, आणि ती काढणाऱ्यांत नमाजीही असणारच.

आता माझी लाज. बी.एड. झाल्यावर मी पहिल्यांदा एका शाळेत लागले, तेव्हा वर्गात 'आमचे मदतनीस' असा तक्ता लावला होता. पोस्टमन, डॉक्टर, शेतकरी. एका पालकाने तक्रार केली आणि वरून सूचना आली की वाद नको. मी काळा स्केचपेन घेतला आणि सगळ्यांचे डोळे बुजवले. पोस्टमनचे, डॉक्टरीणबाईंचे, सगळ्यांचे. दुसऱ्या दिवशी पहिलीतला एक मुलगा म्हणाला, "टीचर, ये सब अंधे हो गए क्या?" मी पोथीतल्या त्या अनामिक माणसाला नावं ठेवते, पण तो पेन माझ्याही हातात होता.

तिसरी गोष्ट भीमेच्या खालच्या अंगाची. १७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात सुलेमानी बोहरा घरात मकबूल फिदा हुसेन जन्मले. आई झैनब मूल दीड वर्षाचं असताना गेली. वडील मुलाला घेऊन इंदूरला गेले. आजोबा पत्र्याचे दिवे करायचे. तो कंदील आणि आजोबांची छत्री पुढे हुसेनच्या चित्रांत कितीदा तरी येते. बडोद्याच्या मदरशात मुलगा सुलेखन शिकला. ज्या हाताने अलिफ-बे वळणदार लिहिलं, त्याच हाताने पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये गेले. यातले गाडे विदर्भातले, अमरावतीकडचे. आईचा फोटो घरात नव्हता, तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही, हे हुसेन पुन्हा पुन्हा सांगत. त्यांनी काढलेल्या कितीतरी बायकांना चेहरा नाही. मदर तेरेसांनाही नाही. पांढरी, निळ्या काठाची साडी आणि आत रिकामी जागा. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न ऐकून मला हेच आठवलं. फरक इतकाच, की हुसेनची जागा आठवणीमुळे रिकामी आहे आणि आमची भीतीमुळे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९९६ पासून देवतांच्या चित्रांवरून खटले, तोडफोड, धमक्या. २००६ साली देश सुटला. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, तरी ते परत येऊ शकले नाहीत. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, ९ जून २०११ ला लंडनमध्ये गेले. हे सांगताना आपली माणसं आवाज चढवतात, आणि तो चढायलाच हवा. पण २००४ सालही आठवावं. त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका कव्वालीत कुरआनातले शब्द आले म्हणून आपल्याच संघटनांनी तक्रार केली आणि चित्रपट थिएटरांतून काढला गेला. तेव्हा आपल्यापैकी किती जण हुसेनच्या बाजूने बोलले? मी तर नाही बोलले. मला त्या वेळी ते योग्यच वाटलं होतं.

२०२५ हे वर्ष मात्र विचित्र गेलं. जानेवारीत दिल्लीत एका प्रदर्शनातली त्यांची दोन चित्रं कोर्टाच्या आदेशाने जप्त झाली. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९५४ सालचं 'ग्रामयात्रा' १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेलं, म्हणजे ११८ कोटी रुपये. आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती. हे चौदा फुटी चित्र एका डॉक्टरने १९५४ मध्येच नॉर्वेला नेलं आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला दिलं. तिथे ते कित्येक दशकं मुकाट टांगलेलं होतं. तेरा चौकटी, आणि त्यात आपलंच गाव: दळणारी, कांडणारी बाई, बैलगाडी, शेतकरी. नोव्हेंबरात दोह्याला त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं, 'लौह व कलम'. पंढरपूरच्या माणसाचं संग्रहालय दोह्यात. मराठी पेपरांत बातमी ११८ कोटींची आली. चित्रात काय आहे, ते फारसं कुणी लिहिलं नाही.

मुलीच्या अब्बांना मी शाळेत बोलावलं नाही, स्वतः गॅरेजवर गेले. उपदेश करायचा नाही असं ठरवलं होतं. मोबाइलवर नगरच्या पोथीतलं ते एक चित्र दाखवलं, राजा आणि शेजारचा डाग. ते हात पुसून बराच वेळ बघत राहिले. "इथे कोण होतं?" म्हणाले. मी म्हटलं, "चांदबिबीची आई." चांदबिबी त्यांना ठाऊक होती. नगरच्या बाजूला ती ठाऊक नसलेला माणूस नाही.

"तिला कशाला पुसली?"

मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या गाडीचा प्लग काढून दिला, मग म्हणाले, "फॉर्मची तारीख कधीपर्यंत आहे?"

परीक्षेला ती बसली. स्मरणचित्रात तिने आठवडे बाजार काढला. भाजीवाल्या बाईला डोळे काढले, नाक काढलं. मागच्या गर्दीतली माणसं पाठमोरी ठेवली. मी विचारलं, ही सगळी पाठमोरी का? म्हणाली, "टीचर, वेळ नाही पुरला."