पल्ला आणि पेला

कांहीं प्रश्न दिसावयास क्षुल्लक असतात. परंतु त्यांचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे ‘खेळ म्हणजे काय’ या मूळ प्रश्नापर्यंत जाऊन पोंचावें लागतें. ‘बीअर मैल’ या नांवानें पाश्चात्त्य देशांत गाजलेल्या शर्यतीविषयींचा वाद अशांपैकींच एक होय. चार फेऱ्यांचा एक मैल. प्रत्येक फेरीपूर्वीं बीअरचा एक डबा किंवा बाटली रिती करावयाची. आणि अंतिम रेघ गांठण्यापूर्वीं पोटानें तें पेय परत केलें, तर दंड म्हणून आणखी एक फेरी धांवावयाची, असा हा प्रकार आहे. कोणी म्हणतात, ही निव्वळ थट्टा. धांवण्याच्या क्रीडेंत तिला थारा नको. दुसरे विचारतात, अंतर मोजलेलें आहे, घड्याळ आहे, नियम आहेत. मग हिला शर्यत म्हणावयास हरकत कोणती? दोन्ही पक्षांचें म्हणणें इतिहासाच्या उजेडांत तपासून पाहण्याजोगें आहे.

धांवणें आणि मद्य यांचा संबंध आजचा नव्हे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत पैजा लावून धांवण्याच्या व चालण्याच्या ज्या शर्यती होत, त्यांचे पुरस्कर्ते पुष्कळदां गुत्त्यांचे मालकच असत. पैज लागे ती त्यांच्या ओसरीवर, आणि प्रेक्षकांची तहान भागे तीहि त्यांच्याच पिंपांतून. 1866 सालीं लंडनांत स्थापन झालेल्या हौशी क्रीडापटूंच्या मंडळानें धांवण्याला या वातावरणांतून वर काढण्याचा प्रयत्न केला खरा. पण त्याच झाडूनें त्यानें कारागीर आणि मजूर यांनाहि अंगणाबाहेर लोटलें. 1880 सालीं ऑक्सफर्ड येथें नवी संस्था निघाली, तेव्हां कोठें ती अन्यायाची अट दूर झाली. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. खेळाच्या पावित्र्याचा कैवार घेणारे लोक कधीं कधीं पावित्र्याच्या नांवाखालीं आपल्या वर्गाचा अभिमानच जपत असतात. म्हणून ‘हें आमच्या खेळांत शोभत नाहीं’ एवढें म्हणून भागत नाहीं. कां शोभत नाहीं, हें सांगतां आलें पाहिजे.

पुढें ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हांहि मद्य धांवपटूच्या वाटेवर उभें होतेंच. 1896 सालच्या अथेन्सच्या मॅराथॉनमध्यें विजयी झालेल्या स्पिरिडॉन लुईनें वाटेंत द्राक्षासवाचा पेला घेतला अशी आख्यायिका आहे. 1904 सालीं सेंट लुई येथें टॉमस हिक्स यास त्याच्या मदतनिसांनीं कुचल्याचें विष, अंड्याचा बलक नव्हे तर पांढरा भाग, आणि ब्रँडी यांचे घोट देत देत अर्धमेल्या स्थितींत शेवटापर्यंत नेलें. आणि सुवर्णपदक त्यालाच मिळालें. त्या काळीं ब्रँडी हें औषध समजलें जाई. नंतर मत पालटलें. 1928 सालीं धांवण्याच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें उत्तेजक द्रव्यांस बंदी केली. आणि 1968 सालीं मेक्सिको येथें हान्स-गुन्नार लिल्येनवाल या स्वीडिश खेळाडूच्या शरीरांत मद्यार्क आढळल्यामुळें त्याच्या संघास कांस्यपदक परत करावें लागलें. हात स्थिर राहावा म्हणून पिस्तुलाच्या नेमबाजीपूर्वीं आपण दोन बीअर घेतल्याचें त्यानें सांगितलें. ऑलिंपिकमध्यें द्रव्यसेवनासाठीं बाद झालेला तो पहिला खेळाडू. एका पिढीचें औषध तें दुसऱ्या पिढीचा अपराध ठरलें!

आणि त्यानंतर अवघ्या एकवीस वर्षांनीं, 1989 सालीं, कॅनडांतील बर्लिंग्टन येथें कांहीं तरुण मित्रांनीं तेंच पेय शर्यतीची अट करून टाकलें. मूळची ती मित्रमंडळींतील गंमत. पुढें किंग्स्टन शहराच्या नांवानें ओळखले जाणारे नियम तयार झाले: प्रत्येक डबा 355 मिलिलिटरचा, मद्यार्क शेंकडा 5 हून कमी नाहीं, एक फेरी एक डबा. 2014 सालीं जेम्स नील्सननें हें सर्व पांच मिनिटांच्या आंत उरकलें, तेव्हां रॉजर बॅनिस्टरनें 1954 सालीं चार मिनिटांच्या आंत धांवलेल्या मैलाची लोकांस सहज आठवण झाली. त्याच वर्षीं टेक्सासमधील ऑस्टिन येथें जागतिक अजिंक्यपदाचे सामनेहि भरले. 2021 सालीं कोरी बेलमोरनें हा विक्रम 4 मिनिटें 28 सेकंदांवर आणला. याच बेलमोरची 2018 सालची याहून वेगवान धांव मात्र रद्द झाली होती. कारण त्याच्या डब्यांत परवानगीपेक्षां अर्धा औंस, म्हणजे चमचाभर, बीअर जास्त उरली होती. चमचाभर पेयासाठीं जेथें विक्रम रद्द होतो, तेथें पंच झोपलेले नाहींत, एवढें कबूल करणें प्राप्त आहे.

थट्टेंतून जन्म झाला एवढ्याच कारणानें शर्यत बाद ठरत नाहीं, याचाहि दाखला इतिहासांत आहे. अडथळ्यांची जी दीर्घ शर्यत आज ऑलिंपिकमध्यें 3000 मीटर धांवतात, तिचें मूळ 1850 सालीं ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या विनोदांत सांपडतें. घोड्यांच्या शर्यतींत निराश झालेल्या एकानें, या घोड्यापेक्षां मी स्वतः पायांनीं बरा धांवेन, अशा अर्थाचें बोलून दाखविलें, आणि मित्रांनीं खरोखरच दोन मैलांची कुंपणें-ओढे ओलांडण्याची शर्यत लावली. पन्नास वर्षांनीं, 1900 सालीं, तोच विनोद पॅरिसच्या ऑलिंपिक मैदानांत जाऊन पोंचला. मग बीअर मैलानेंच काय घोडें मारलें आहे?

माझ्या मतें भेद आहे, आणि तो मूळ विनोदांत नसून अडथळ्याच्या जातींत आहे. कुंपण असो वा पाण्याचा खड्डा, तो ओलांडतात पाय, श्वास आणि धैर्य. म्हणजे धांवपटूचें जें साधन, त्याचीच ती कठोर परीक्षा. बीअरचा डबा ओलांडतो तो घसा, आणि सोसतें तें पोट. येथें आणखी एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चार डब्यांत मिळून सुमारें 71 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. परंतु शर्यत पांच-सहा मिनिटांत संपत असल्यामुळें तो रक्तांत भिनावयास तोंपर्यंत पुरता अवकाशच मिळत नाहीं. धांवणाऱ्यास जें जिंकावें लागतें, तें पोटांतील दीड लिटरभर द्रव आणि त्यांतील वायु. नशा येते ती बक्षीस घेतल्यावर. म्हणजे या शर्यतीस मद्याची खरी गरजच नाहीं. दुसरें कोणतेंहि फेसाळ पेय तेंच काम करील. आणि दुधाचे पेले घेऊन अशा शर्यती झाल्याहि आहेत. जी वस्तु काढून घेतली असतां कसोटी तीच राहते, ती वस्तु खेळाचा भाग नव्हे. ती खेळाची जाहिरात होय.

1938 सालीं क्वालालंपूर येथें गिस्पर्ट व त्याचे इंग्रज मित्र यांनीं जी हॅश हाउस मंडळी काढली, तिच्याशीं तुलना केली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथेंहि बीअर आहे. परंतु आधीं रानांतून धांवणें आणि मग पिणें, असा तेथील क्रम. धांवणें धांवण्याच्या जागीं, पेला पेल्याच्या जागीं. पिणें आम्हांस मान्य असो वा नसो, धांवण्यास तेथें कोणी बाटलीवर मोजीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत लिंबू-चमच्याची शर्यत असते, पोत्यांची असते. त्यांना कोण हंसतें? कोणीच नाहीं, आणि त्यांस कोणी धांवण्याचें अजिंक्यपदहि देत नाहीं. गंमत म्हणून त्यांचें स्थान अढळ आहे. बीअर मैलासहि प्रौढ मित्रांच्या मेळ्यांत असें स्थान असावयास इतिहासाची आडकाठी नाहीं. आडकाठी आहे ती जागतिक किताब, पुरस्कर्ते आणि प्रसिद्धी यांच्या मेळाव्याला. गंमतीवर अजिंक्यपदाचा मुकुट चढला कीं हंसणें मागें पडतें आणि अनुकरण पुढें येतें. पाठीमागें येणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बेलमोरची वर्षानुवर्षांची मेहनत पाहत नाहीं. तो चार डबे पाहतो. पांच मिनिटांत घेतलेल्या तेवढ्या मद्यार्काचा निचरा करावयास यकृतास कित्येक तास लागतात, हें त्याला कोणी सांगत नाहीं.

तेव्हां निर्णय असा कीं, बीअर मैल हा नियमबद्ध खेळ आहे, त्यांत कौशल्य आहे. पण तो धांवण्याचा प्रकार नव्हे. धांवण्याच्या क्रीडेनें गुत्त्याच्या ओसरीवरून मैदानापर्यंत येण्यास जवळ जवळ एक शतक घेतलें. त्या वाटचालींत तिनें मजुरास बाहेर ठेवलें ही तिची चूक, आणि ती तिनें सुधारली. पिंप बाहेर ठेवलें ही मात्र चूक नव्हती.