खाल्ल्या मिठाचा प्रश्न

खाल्ल्या मिठाला जागावे, हा आपल्याकडचा जुना संस्कार. मानवी हक्क संघटनांच्या अभ्यासात पाऊल टाकताना मात्र हाच संस्कार अडचणीचा ठरतो. ज्या सरकारच्या कोठडीतल्या मारहाणीची चौकशी करायची, त्याच्याच अनुदानातून कार्यकर्त्यांचे पगार होत असतील, तर अहवालातले कोणते वाक्य मवाळ होईल? आपला अभ्यास इथून सुरू होतो.

या पेचातून संघटनांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. १९६१ मध्ये लंडनला सुरू झालेली अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल संशोधनासाठी आणि मोहिमांसाठी सरकारी पैसा घेत नाही. तिचा भर सभासदांवर आणि सामान्य देणगीदारांवर आहे. ह्यूमन राइट्स वॉचही सरकारी पैसा नाकारते, पण मोठ्या देणग्या घेते. २०१० मध्ये जॉर्ज सोरोस यांच्या प्रतिष्ठानाने तिला दहा वर्षांत १० कोटी डॉलर देऊ केले. याच संघटनेने पुढे एका सौदी उद्योजकाची देणगी स्वीकारली. हा पैसा पश्चिम आशियातल्या समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी वापरायचा नाही, अशी तिला अट होती. २०२० मध्ये संघटनेने चूक जाहीरपणे मान्य करून पैसे परत केले. दबाव केवळ सरकारचाच असतो असे नाही, हे या प्रकरणातून कळते.

भारतात जयप्रकाश नारायण यांनी १९७६ मध्ये, आणीबाणीत, सुरू केलेल्या संघटनेतून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) ही नागरी हक्कांची संघटना उभी राहिली. सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे तिच्या आधारस्तंभांपैकी एक. सरकार आणि निधी देणाऱ्या संस्था, दोघांचाही पैसा न घेता सभासदांच्या खिशातून काम चालवायचे, हा तिचा बाणा. त्याने मिंधेपणा टळतो. पण काम बरेचसे कार्यकर्त्यांच्या फावल्या वेळेवर चालते आणि पूर्णवेळ संशोधक परवडत नाहीत. परदेशी निधी घ्यावा, तर परवाना सरकारच्या हाती. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. ज्यावर नजर ठेवायची, त्याच्याच हाती कोठाराची किल्ली!

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या नव्या अभ्यासकाला आग्रहाची विनंती: संघटनेचा अहवाल वाचाल तेव्हा तिचा ताळेबंदही शेजारी ठेवा. देणगीदार किती, अटी कोणत्या, नाकारलेला पैसा कोणता, हे विचारा. कोठडीतून सुटून आलेला माणूस संघटनेला एक रुपयाही देत नाही. तो आपली साक्ष विश्वासाने तिच्या हाती सोपवतो. संघटनेने जागायचे ते त्या मिठाला.