सांख्यिकीय गुणनियंत्रण (मुंबई उपनगरांतील कापड उद्योग)

उत्पादन चालू असतानाच ठरावीक अंतराने नमुने मोजून प्रक्रिया ताळ्यावर आहे की नाही हे आकड्यांवरून ठरवण्याची पद्धत. तयार मालातला खराब माल शेवटी बाजूला काढणे, ही निराळी गोष्ट.

ही पद्धत येण्यापूर्वी गिरण्यांची भिस्त नव्या यंत्रांवर आणि जाणत्या माणसांच्या नजरेवर होती. जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल घेऊन स्वदेशी मिल उभी केली, ती याच बळावर. मुंबईच्या गिरण्यांत कापड बिघडले की त्याचे पैसे विणकराच्या पगारातून कापले जात. वेतन प्रदान अधिनियम, 1936 ने अशा दंडांना मर्यादा घातली. पण दोष नेमका कुणाचा, हे ठरवण्याचे साधन कायद्यात नव्हते.

ते साधन अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्येच मांडले होते : नियंत्रण आलेख. उदाहरणार्थ, 20 नंबरच्या (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप) सुताची 120 यार्डांची लडी सुमारे 3.24 ग्रॅम भरायला हवी. प्रत्येक लडी तंतोतंत तेवढी कधीच भरत नाही. म्हणून काही बॉबिनांच्या लड्या तोलून त्यांची सरासरी आलेखावर मांडतात. मधली रेघ सरासरीची, वरखाली तीन प्रमाण विचलनांवर दोन मर्यादा. ठिपके मर्यादेत विखुरलेले असतील तर यंत्राला हात लावायचा नाही. दर चढउताराला गिअर बदलत बसल्यास सुताचा नंबर उलट जास्तच हलतो. ठिपका बाहेर गेला तरच कारण शोधायचे : कातण्याआधीच्या ड्रॉफ्रेम यंत्राचा पेळू जड आला, चुकीचे चाक बसले की खात्यातला दमटपणा बदलला? यांतले बरेचसे कातणाऱ्याच्या हाताबाहेरचे असते आणि ते कागदावर दाखवून देणे, हेच या पद्धतीचे सर्वांत मोठे देणे आहे.

भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट 1947-48 मध्ये भारतात आले. पुढे या संस्थेने गुणनियंत्रणाच्या कामासाठी स्वतंत्र केंद्रे काढली. कापड उद्योगासाठी कुर्ल्याला लागून असलेल्या घाटकोपरच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन (बीटीआरए) ही संशोधन संस्था आहे, स्थापना 1954. स्वदेशी मिल 2000 साली बंद पडली. बीटीआरएत सूत-कापडाच्या चाचण्या आजही होतात.