घरच्या वाटेवरचा कातळ

मे महिना लागला की घाटावर आणि मुंबईला गेलेली आपली माणसं घराकडे निघतात. मुलं खिडकीशी, म्हातारी माणसं पुढच्या सीटवर आणि आपण मागे डबे सांभाळत बसलेल्या. घाट उतरला की कधी एकदा घर येतंय असं होतं. पण ज्या वाटेनं आपण येतो, ती वाट आपल्या घराहून फार जुनी असते. आज अशाच एका वाटेचा इतिहास सांगते, कोल्हापूरहून अणुस्कुरा घाटानं राजापूरला उतरणाऱ्या. यंदा आम्ही घरची सहा माणसं याच वाटेनं आलो.

सुरुवात पन्हाळ्यापासून करू. १६६० साली सिद्दी जौहरनं या गडाला वेढा घातला. शिवाजी महाराज गडावर होते. तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेले. महाराज वेढ्यातून निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली, हे आपण शाळेत शिकलो. पुढचं कमी ठाऊक असतं. १६६१ साली महाराज राजापुरात उतरले, वखार ताब्यात घेतली आणि इंग्रजांना कैद केलं.

राजापूरला इंग्रज होते ते व्यापारासाठी. अर्जुना नदीतून गलबतं आत येत आणि माल बैलांच्या पाठीवर लादून घाटमाथ्यावर जाई. अणुस्कुऱ्याची वाट त्यासाठीच. डांबरी रस्त्याच्या आधीची दगडी पायवाट तिथं अजून आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. आमची मुलं तिथं पहिल्यांदाच गप्प बसली.

घाट उतरून पाचल, ओणी, राजापूर करत आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेतलं आणि कशेळीला आलो. इथं पन्हाळा पुन्हा भेटतो. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट कशेळीत आहे, शके १११३ म्हणजे ११९१ सालचा. इथलं सूर्यमंदिर कनकादित्याचं. आख्यायिका अशी की, सूर्यमूर्ती नेणारं एक गलबत या किनाऱ्याशी अडलं आणि एक मूर्ती समुद्राकाठच्या गुहेत ठेवून ते पुढं गेलं. कनका नावाच्या गाणाऱ्या बाईला दृष्टांत झाला. तिनं गावकऱ्यांना घेऊन मूर्ती आणली आणि देवळात बसवली. म्हणून देवाच्या नावात आधी तिचं नाव येतं.

आता सड्यावर चला. जांभ्याचा उघडा कातळ, झाड नाही, सावली नाही. आपल्याकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो या कातळावर टिकत नाही. भाद्रपदात फुलांनी भरलेला सडा वैशाखात वाळवंटासारखा दिसतो. कशेळीच्या सड्यावर जवळपास साठ फूट लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या आत कितीतरी लहान प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी दीड हजारांहून अधिक कातळशिल्पं सापडली आहेत. काहींत गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठं नाही. नांगर किंवा पीक मात्र दिसत नाही, म्हणून अभ्यासक म्हणतात की ही शेतीच्या आधीच्या माणसांची कामं असावीत, दहा हजार वर्षांपलीकडची. २०२२ साली कशेळी, बारसू, उक्षी, जांभरुण, देवीहसोळ अशी ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

आणि सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद काय असते? पोटखराब. ‘खराब म्हणायचं नि त्यातच हत्ती!’ सासूबाई म्हणाल्या. आमच्याही सड्याला चिरेखाणीसाठी मागणी आलेली आहे, त्यामुळे ते वाक्य घरी येईपर्यंत कुणाच्या डोक्यातून गेलं नाही. चिऱ्यावर आपली घरं उभी राहिली, त्या पैशाला नावं ठेवायची नाहीत. पण चिरा काढायला जो वरचा कातळ सोलतात, त्याच थरावर चित्रं असतात. ती एकदा गेली की गेलीच.

म्हणून आमच्या घरात ठरलं, सही नंतर, आधी सडा चालायचा. तुम्हीही बचतगटाच्या चारजणी मिळून जा. संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात कोरीव रेषा उठून दिसतात. लहानपणी तिथं गुरं राखलेल्या आजीला बरोबर घ्या, तिला जागा ठाऊक असतात. काही दिसलं तर खरवडू नका, खडूनं रंगवू नका. फोटो काढा, गट नंबर लिहा आणि ग्रामपंचायतीला व रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाला अर्ज द्या. ग्रामसभेत विषय वाचून नोंदवून घ्या. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या हत्तीभोवती संरक्षक भिंत घालून तो जपला आहे.

आमचं चालणं पावसाआधी व्हायचं आहे. तुमच्या सड्यावर काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.