झाड ओळखणारे आणि झाड राखणारे

जैवविविधतेच्या रक्षणाचा विषय निघाला की आपले विद्वान ऋषींच्या आश्रमांकडे वळतात. रानात राबणाऱ्या जातीजमातींना ज्ञान होते, हे त्यांना सुचत नाही. म्हणून मला एका ग्रंथाचा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. त्यात मलबारच्या ७४२ वनस्पती आहेत. पुढे लिनियसनेही त्याचा आधार घेतला. या ग्रंथाचा प्रमुख माहितगार इट्टी अच्युतन हा इळवा जातीचा वैद्य होता. २० एप्रिल १६७५ चे त्याचे साक्षपत्र पहिल्या खंडात त्याच्याच लिपीत छापलेले आहे. तेथेच तीन कोकणी ब्राह्मणांचे नागरीतले साक्षपत्रही आहे. म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीकडे वनस्पतींचे ज्ञान होते आणि अक्षरही होते. त्याच इळव्यांना वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून १९२४ साली सत्याग्रह करावा लागला! आणि ऱ्हीडसाठी रानातून फुले-फळे आणणाऱ्या बहुतेकांची तर नावेही उरली नाहीत.

हा प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. त्याच केरळातील काणी आदिवासी रानवाटेवर थकवा घालवण्यासाठी ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीची फळे खात. १९८७ साली शास्त्रज्ञांनी ही माहिती त्यांच्याकडून घेतली आणि तिच्या पानांपासून औषध तयार केले. उत्पन्नाचा निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त संस्थेला ठरला, ही चांगली गोष्ट. पण फळ खाणाऱ्याच्या हातून रोप जगते. बाजाराला पानांचे ढीग हवे असतात. शेवटी अतितोडीच्या भीतीने वनखात्याने पाने गोळा करण्यावरच निर्बंध आणले. काय घ्यावे, किती घ्यावे, हेही ज्ञानच असते. बाजाराने गुण तेवढा उचलला, मर्यादा रानातच सोडली.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची वाट उघडली. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र अधिकृत ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली. ज्ञान ग्रंथात गेले की ज्ञात्याचा हक्क संपतो, असाच याचा अर्थ मी घेतो. ग्रंथात ते कोणाच्या तोंडून आले, हे कोण विचारणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपल्या गावची नोंदवही उघडून पाहावी. तिच्यात झाडाच्या नावाशेजारी सांगणाऱ्याचे नाव आणि तोडीची मर्यादा नसेल, तर ती लिहवून घ्यावी. झाड आणि माणूस, दोघेही त्या ओळीवरच टिकणार आहेत.